धाकट्या बहिणीची कुस्ती आणि घरातून बाहेर पडायचा रस्ता

माळावरची:
नमस्कार. आजवर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आम्ही दोघी बहिणी. मी २३, धाकटी १६, अकरावीला. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढंच सांगते. वडील गेल्यापासून घर चुलत्यांच्या हातात आहे. मारझोड वगैरे काही नाही, पण दूध किती घ्यायचं इथपासून कोणी कुठं जायचं इथपर्यंत सगळं त्यांना विचारून. आई त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही. मी स्वतः कुस्ती खेळायचे. जिल्ह्यापर्यंत गेले, मग गुडघा गेला, आणि घरात 'बरं झालं' म्हणणारेच जास्त निघाले. आता मेडिकलच्या दुकानात काउंटरला असते.

धाकटी माझ्यापेक्षा सरस आहे. बहीण म्हणून म्हणत नाही. एकेरी पटाला ती कधी खाली जाते ते दिसतच नाही, आपला पाय तिच्या हातात गेल्यावरच कळतं. पहाटे तालुका क्रीडा संकुलात मॅटवर जातो, कारण मातीच्या तालमीत बाईमाणसाला पाय ठेवू देत नाहीत. तिच्या वजनाची दुसरी पोरगी गावात नाही, म्हणून जोड मीच. दोघींची कोपरं कायम सोलवटलेली. तिचे कुस्तीचे कपडे गच्चीवर वाळत घातले की शेजारी विचारतात, मग चुलते विचारतात. म्हणून न्हाणीतच दोरी बांधलीय.

बारावी झाली की तिचं लग्न, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे आम्हाला सांगण्यात आलंय. एक स्थळ आताच येऊन बघून गेलं. माझा बेत असा: १७ वर्षांखालच्या गटात ४९ किलोला राज्याचं पदक, मग एखादं निवासी केंद्र, मग खेळाडू कोट्यातून नोकरी. तिला नोकरी लागली की मी आणि आई तिच्याकडे. जमण्यासारखं आहे का, आणि सुरुवात कुठून करू? 'खूप छान, शुभेच्छा' नकोत. रस्ता सांगा.

उनाड:
शुभेच्छा नाही देत, पण धागा वाचनखुणेत टाकलाय.

सांगलीवाडी:
जमण्यासारखं आहे. लांबचं आहे, एवढंच. माझी पुतणी याच वाटेनं गेलीय म्हणून सांगतो.

स्पर्धांच्या दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नका. शाळा-कॉलेजातून जाणाऱ्या शालेय स्पर्धा: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात. दुसरी वाट म्हणजे जिल्हा तालीम संघाची निवड चाचणी आणि तिथून राज्य अजिंक्यपद. दोन्हीकडे उतरवा, एक हुकलं तर दुसरं हाताशी राहतं.

निवासीसाठी राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिन्या आहेत. १९ वर्षांखालच्या, पदक असलेल्या मुलामुलींसाठी सरळ प्रवेशाच्या चाचण्या निघतात. जाहिरात जिल्हा क्रीडा कार्यालयात लागते आणि मुदत फार थोडी देतात, तेव्हा तिथल्या कारकुनाशी ओळख ठेवा, हा सगळ्यात उपयोगी सल्ला समजा. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर महिना १० हजार खर्चाला मिळतात, राहणं, खाणं, सराव वेगळं.

नोकरीचं म्हणाल तर राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. क आणि ड गटासाठी राज्य पातळीचं पदकही धरतात. पण नुसतं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून ही मंडळी एकेक कागद उजेडात धरून बघतात. स्पर्धेचा प्रवेश अर्ज, निकालपत्र, वजनाची नोंद, सगळ्याच्या झेरॉक्स आत्तापासून एका फायलीत लावत जा.

आणि मुलींच्या कुस्तीला आता आपल्याकडे पूर्वीसारखं कोणी हसत नाही. २०२३ ला आमच्या सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. मैदानात बायका डोक्यावर पदर घेऊन शिट्ट्या मारत होत्या. शप्पथ.

खडूस_काकू:
बेत वाचला. त्यात एक गोष्ट खटकली ती स्पष्ट लिहिते, राग आला तर येऊ दे.

१६ वर्षांच्या पोरीनं पदक आणायचं, केंद्रात राहायचं, नोकरी मिळवायची, आणि मग थोरल्या बहिणीला नि आईला तिथं न्यायचं. तीन बायकांचं बिऱ्हाड ४९ किलोच्या अंगावर. तिचा उद्या हात मोडला, किंवा उपांत्य फेरीत हरली, किंवा तिला कुस्तीचा कंटाळा आला, तर? घरातून सुटायचंय नक्की कोणाला, तिला की तुला? तुझी सुटका तिच्या पटावर का टांगून ठेवलीस? तू २३ वर्षांची आहेस. पोलीस भरती दे. बारावी लागते, १०० मीटर, ८०० मीटर, गोळाफेक. सरळ पळायला गुडघा चालत असेल. तू आधी बाहेर पड, तिला पाठोपाठ खेच.

माळावरची:
काकू, पोलीस भरतीत बायकांना उंची १५५ लागते. मी १५४ आहे. भिंतीला टाच लावून, सकाळी उठल्या उठल्या, सगळं करून झालंय. पुढचा सल्ला.

उनाड:
अरे देवा.

खडूस_काकू:
बरं. पोलिसात नाही तर दुसरीकडे. प्रश्न तोच राहतो.

सांगलीवाडी:
काकूंचा मुद्दा बरोबर आहे, सूर जरा खाली घ्या. ताई, तुम्ही पदवीधर आहात का? असाल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) प्रशिक्षकांसाठीचा ६ आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स बघा. मुलींना शिकवणारी बाई प्रशिक्षक सगळ्यांना हवी असते आणि मिळत नाही. शाळा, अकादम्या, सगळीकडे तीच ओरड आहे. धाकटीला जे शिकवताय तेच काम पगारी होईल.

माळावरची:
बी.ए.चं शेवटचं वर्ष बाहेरून देतेय. कोर्सचं माहीत नव्हतं. बघते.

नागोयाकर:
मी जपानात, आइची प्रांतात राहतो. बहिणींची कुस्ती म्हटल्यावर राहवलं नाही.

इथं ओबू नावाचं शहर आहे, त्याला जपानी महिला कुस्तीचं पंढरपूर म्हणायला हरकत नाही. चिहारू आणि काओरी इचो या बहिणी पार उत्तरेकडच्या हाचिनोहेहून इथल्या विद्यापीठात आल्या. २००४ ला अथेन्समध्ये महिला कुस्ती ऑलिंपिकला पहिल्यांदा आली तेव्हा थोरलीला ४८ किलोत रौप्य, धाकटीला ६३ किलोत सुवर्ण. २००८ ला बीजिंगमध्ये पुन्हा तेच. थोरलीनं पुढं ऑलिंपिक खेळलं नाही. धाकटीनं २०१२ आणि २०१६ ही जिंकली, चार सलग. शेवटची दोन सुवर्णपदकं तिनं ताईशिवाय घेतली, हे खडूस काकूंच्या मुद्द्याला धरून.

पण दुसरी जोडीही ऐका. रिसाको आणि युकाको कावाई. थोरली रिसाको रिओमध्ये ६३ किलोची विजेती. टोकियोच्या आधी धाकटी ६२ किलोत होती, म्हणजे दोघी समोरासमोर आल्या असत्या. थोरली खाली ५७ ला गेली. तिथं वाट अडवून कोण उभं, तर काओरी इचो. रिसाकोनं २०१९ मध्ये तिलाही हरवलं, आणि २०२१ ला टोकियोत दोघी बहिणींनी लागोपाठच्या दिवशी सुवर्ण घेतलं. थोरलीनं धाकटीसाठी जागा सोडली हे खरंच, पण स्वतःचं खेळणं सोडलं नाही.

खडूस_काकू:
नागोयाकर, शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला चहा लागू.

गावकुसाबाहेर:
मी वकिली करते, तालुक्याच्याच कोर्टात. कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे त्यावर गप्प बसते. बाकीचं सांगते.

एक. निवासी केंद्राच्या अर्जावर, स्पर्धेच्या संमतीपत्रावर पालकाची सही लागते. वडील हयात नसतील तर कायद्यानं पालक आई आहे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा हेच सांगतो. चुलत्यांच्या सहीची कुठेच गरज नाही. शाळेनं किंवा कार्यालयानं 'घरच्या कर्त्या पुरुषाची आणा' म्हटलं तर नियम लेखी मागा. लेखी म्हटलं की आवाज खाली येतो, अनुभव आहे.

दोन. १८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, साखरपुड्याच्या आडून जरी उरकलं तरी. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. तो चुलत्यांबरोबर पानाच्या टपरीवर बसणारा असेल तर १०९८ वर फोन करा, कोणी केला ते सांगायची सक्ती नाही. तिची जन्मतारीख आणि बारावीच्या परीक्षेचा महिना ताडून बघा. परीक्षा संपताना १८ पूर्ण होत नसतील तर हा फोन नंबर घरात सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहू दे.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वडील गेल्यावर वारसनोंद झाली का? सातबारा काढून बघितलाय का कधी? वडिलांच्या वाट्यात आई, तू आणि धाकटी, तिघींचा सारखा हक्क आहे. लग्न झालं तरी तो जात नाही. धाग्याला नाव दिलंयस 'घरातून बाहेर पडायचा रस्ता'. बाहेर जरूर पडा, पण ते घर आणि ती जमीन तुमचीही आहे. पळून गेल्यासारख्या जाऊ नका. आणि एक बजावून सांगते: 'बहिणींनी हक्कसोडपत्र करून द्यायची रीत असते' म्हणून कोणी तलाठ्याकडे किंवा रजिस्ट्रारकडे चला म्हटलं, तर पाय मोडल्याचं सोंग करा पण जाऊ नका.

माळावरची:
सातबारा ऑनलाइन दिसतो तो आत्ताच काढून बघितला. आजोबांचंच नाव आहे अजून. वडिलांचं नाही, चुलत्यांचंही नाही.

गावकुसाबाहेर:
उत्तम. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. आजोबा आणि वडील, दोघांचे मृत्यू दाखले मिळव, आईला घेऊन तलाठी कार्यालयात वारस अर्ज दे. अर्जाची पोच घे. बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आणखी एक, तिला बक्षिसाचे पैसे कुठे जमा होतात?

माळावरची:
जत्रेतल्या मैदानात रोख मिळतात. शाळेतर्फे मिळाले ते तिच्या बँक खात्यात. पण खात्याला मोबाइल नंबर चुलत्यांचा आहे. मेसेज त्यांनाच जातो.

गावकुसाबाहेर:
१० वर्षांपुढचं मूल स्वतःचं खातं स्वतः चालवू शकतं. दुसऱ्या बँकेत नवं खातं, आई पालक, नंबर तुझा. हे या आठवड्यात.

जुना_लंगोट:
आत्ता वाचला धागा. मी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीतला जुना पैलवान, आता गुडघे वाजतात म्हणून टायपिंग करतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कागदाचं वकीलबाईंनी सांगितलं ते झकास. पण पोरीला घरातून काढून कुठल्या उंबऱ्याच्या आत घालणार ते आधी बघा. आमच्या कोल्हापुरात १९५० च्या आसपास हमीदा बानू म्हणून पैलवान कुस्त्या करायची. मूळची मिर्झापूरची, अलिगढला सलाम पैलवानाकडं तयार झालेली. गडी पैलवानांना आव्हान द्यायची, मला हरवील त्याच्याशी लग्न करीन म्हणून. १९५४ ला बडोद्यात बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदात चीत केलं. कोल्हापुरात तिनं शोभासिंग पंजाबीला पाडलं तर पब्लिकनं दगडं मारली. आपलंच पब्लिक, काय सांगायचं. पुण्यात रामचंद्र साळुंकेबरोबरची कुस्ती तर होऊच दिली नाही. पण खरी गोष्ट पुढची हाय. ती युरोपला कुस्तीला निघाली तर ज्या वस्तादानं घडवलं त्यानंच तिला मारून हात मोडले, असं तिचा नातू सांगतो. पुढं कल्याणला दूध विकून दिवस काढले बाईनं.

२०२३ ला जंतरमंतरवर विनेश फोगाट, साक्षी मलिक या पैलवान कशासाठी बसल्या होत्या तेबी सगळ्यांनी बघितलंय. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप होते. तेव्हा केंद्र निवडताना मोठं नाव बघू नका. तिथं बाई प्रशिक्षक हाय का, मुलींच्या खोल्यांची किल्ली कुणाकडं असते, फोन वापरू देतात का, तक्रार समितीत कोण हाय, हे विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो तिथं पोरगी ठेवू नका.

आता कुस्तीचं. ४९ ला खेळते म्हणता, रोजचं वजन किती?

माळावरची:
५२ च्या आसपास. स्पर्धेच्या आधी उतरवतो.

जुना_लंगोट:
कसं उतरवता?

माळावरची:
दोन दिवस जेवण कमी, आदल्या दिवशी पाणी बंद, जाड स्वेटर घालून पळणं. मीही असंच करायचे.

जुना_लंगोट:
बंद करा ताबडतोब. विनेश पॅरिस ऑलिंपिकला ५० किलोत खेळली. मुळात ५३ ची पोरगी, पण ५३ ची जागा अंतिम पंघाल नावाच्या पोरीनं आधीच मिळवली होती, म्हणून खाली गेली. पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकीला पाडलं, फायनल गाठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनाला १०० ग्रॅम जास्त भरली. रात्रभर पळाली, केस कापले, डॉक्टर होते, आहारवाले होते, तरी नाही उतरलं. इथं तुमच्याकडं कोण हाय? १६ वर्षांच्या अंगाला अजून वाढायचंय. पाणी तोडून ४९ ला उतरवाल तर दुसऱ्या मिनिटाला पोरगी मॅटवर झोपेल. १७ खालच्या मुलींत ४९ च्या वरचा गट ५३ चा हाय. ५२ वजन असेल तर तिथंच खेळवा, पोटभर खाऊन. यंदा हरली तरी चालतंय.

खडूस_काकू:
१०० टक्के. आणि पाळी नियमित येते का तिची? हिमोग्लोबिन तपासलं? मेडिकलच्या दुकानात काम करतेस, तुला हे विचारायला लागू नये.

माळावरची:
गेल्या हंगामात चुकली होती. मला वाटलं सरावाचा ताण. उद्या रक्त तपासून घेते.

पण ५३ ला गेली तर विभागात दोन तगड्या पोरी आहेत, एक गेल्या वर्षीची राज्य पदकवाली. यंदा पदक नाही आलं तर पुढच्या वर्षी बारावी. वेळच नाही उरत.

गावकुसाबाहेर:
वेळ पदकावर मोजू नकोस. आईच्या सहीवर मोज. लग्न थांबवायला पदक लागत नाही. आई 'नाही' म्हणाली की पुढचं मी बघते. आईशी बोलणं झालंय का यातलं काही?

माळावरची:
आईला काही सांगितलं की संध्याकाळपर्यंत चुलत्यांना कळतं. मुद्दाम नाही सांगत, तिला विचारलं की खोटं बोलता येत नाही.

खडूस_काकू:
मग लपवू नका, उघडच करा. वारसनोंद हा चांगला बहाणा आहे, त्यात कुस्ती नाही, लग्न नाही. आईला तलाठी कार्यालयात एकदा स्वतःचं नाव लिहायला लाव. पुढच्या सह्या आपोआप सोप्या जातात. मी हे माझ्या सासूकडून करून घेतलंय, तेही त्यांच्या वयाच्या सत्तरीत.

संपादक:
धागा 'क्रीडा'मधून 'कायदा व कुटुंब'मध्ये हलवावा अशी दोन सदस्यांची मागणी आहे. इथेच राहू देत आहोत. धागाकर्तीनं गावाची ओळख पटेल असे तपशील टाकू नयेत.

माळावरची:
ताईच्या आयडीवरून लिहितेय, मी धाकटी. ताई दुकानात आहे. पासवर्ड मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

सगळं वाचलं. मला ५३ लाच खेळायचंय. ताईला मी हे दिवाळीतच म्हणाले होते. भूक लागलेली असली की मला डाव दिसतच नाहीत, फक्त घड्याळ दिसतं. आणि घराचं म्हणाल तर मला बाहेर पडायचंय ते लग्न नको म्हणून, आणि इथं जोडीला कोणी नाही म्हणून. ताईला न्यायचं वगैरे मी कबूल केलेलं नाही. ती माझ्यासोबत आली तर मला आवडेल, पण कोच म्हणून यावी, सामान म्हणून नको.

काल आईला तलाठी कार्यालयात नेलं होतं. कारकून म्हणाला घरातल्या पुरुषाला पाठवा. आई म्हणाली, पुरुषाचाच दाखला आणलाय, मृत्यूचा. मग त्यानं अर्ज घेतला. पोच मिळाली. चुलते कालपासून बोलत नाहीयेत, त्यामुळे घरात शांतता आहे.

माझा प्रश्न जुना लंगोट आजोबांना आहे. त्या दोघींतली राज्य पदकवाली डावखुरी आहे, डावा पाय पुढे ठेवून उभी राहते. माझा सगळा सराव ताईवर, आणि ताई उजवा पाय पुढे ठेवते. गेल्या वर्षी तिच्यासमोर माझा पट तीनदा हुकला. काय करू?

खडूस_काकू:
'सामान म्हणून नको'. पोरी, जियो.

जुना_लंगोट:
शाब्बास. आता ऐक नीट.

डावखुरीसमोर तुझा नेहमीचा पाय लांब जातो, तिचा पुढचा डावा पाय तुझ्या उजव्या हातासमोर येतो. तू सवयीनं पलीकडचा पाय धरायला जात असणार, म्हणून हुकतंय. जवळचा घे. पण उभ्या उभ्या झेप टाकू नको. आधी हाताची झुंज जिंक, तिचं मनगट नाहीतर कोपर धर, मान खाली ओढ. ती मान वर काढायला बघेल, तेव्हा सगळं वजन पुढच्या पायावर येतं. जड झालेला पाय उचलत नाही, तोच क्षण. गुडघा मॅटवर, डोकं वर, पाठ सरळ. पाय हातात आला की तिथं थांबून ताकद लावत बसू नको, लगेच मागं जा, दोन गुण तिथं हायेत. अन् कडेला असलीस तर ढकल सरळ बाहेर, एक गुण तोबी गुणच.

बाकी सराव डावखुऱ्यावरच पाहिजे. ताईला डावा पाय पुढं टाकून उभं राहायला सांग. तिचा गुडघा कुठला गेलाय?

माळावरची:
उजवा. (ही मी, थोरली. पासवर्ड बदलतेय.)

जुना_लंगोट:
मग तर बेस्टच. डावा पुढं टाकल्यावर भार डाव्यावर येतो. पहिला आठवडा नुसती हाताची झुंज अन् मान ओढणं, पट काढायचा न्हाई. गुडघ्याला पट्टी बांधून उभी राहा. अन् धाकटीचं हिमोग्लोबिन किती आलं ते इथं टाक.

माळावरची:
९.४. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. ५३ चा अर्ज भरला, संमतीपत्रावर सही आईची.